गाळलेलं सातवं प्रकरण

सोमवार, ३
नोकरी लागली, वर राहायला खोलीही मिळाली! खाली प्रकाशनाची कचेरी, माडीवर आम्ही दोघी मायलेकी. पाच वर्षांच्या लेकीने उड्या मारून पलंगाची मजबुती तपासली. मालक सत्तरीचे, मला ताई म्हणतात. पहिलंच काम त्यांच्या दिवंगत आईच्या गाजलेल्या कादंबरीची नवी आवृत्ती. तिची नायिका म्हणजे मुलावर जीव टाकणारी, तरी आईपणाला विटलेली बाई. कॉलेजात असताना मी ते पुस्तक उशाशी घेऊन झोपायचे.

बुधवार, ५
मालकांनी सातवं प्रकरण गाळायला सांगितलं. त्यात आई मुलाला तोंडावर सांगते, तू मला नको होतास. तो मुलगा म्हणजे तूच, असं म्हणत लोकांनी मालकांना जन्मभर चिडवलं; माझी आई तशी नव्हतीच, असं ते म्हणाले. ते खोटं आहे हे आम्हा दोघांनाही कळत होतं. पण नोकरी नवी, खोली उजेडाची, लेक खूश. नाक मुठीत धरून लाल पेन्सिल फिरवली. ती पानं मालकांनी स्वतः शेगडीत घातली.

शुक्रवार, ७
इथे प्रूफं एकाने मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने मूळ प्रतीशी ताडून बघायची. मी वाचत होते. सहावं प्रकरण संपलं आणि मालक पांढरेफटक पडले. माझ्यासमोर आठव्याचं पान होतं आणि मी सातवं म्हणत होते, घडाघडा, शब्दन् शब्द. थांबता येईना. त्यांनी कानांवर हात घेतले. खरं सांगते, मला बरं वाटलं, सूड उगवल्यासारखं. मग घाबरले. माझं त्यांनी काय वाकडं केलंय?

शनिवार, ८
पुन्हा तेच. आज ते मला ताई म्हणाले नाहीत. पुरे आई, म्हणाले. तोंड थांबलं नाही.

रविवार, ९
लेकीची वेणी घालताना तोंड आपोआप उघडलं. जीभ चावली, रक्त आलं. तोंडाला फडकं बांधलंय. ती हसते, तिला खेळ वाटतो.

सोमवार, १०
मालकांच्या त्या मेलेल्या आईला तिचं प्रकरण परत हवंय. गाळणाऱ्या दोघांनाही ती सोडणार नाही. सकाळपासून बसून सगळं लिहून काढलं, हे परत छापा म्हणून मालकांच्या पाया पडले. त्यांनी तेही शेगडीत घातलं. आई तशी नव्हती, म्हणाले.

मंगळवार, ११
फडकं राहत नाही — प्रकरणात आता मुलगा नाही, मुलगी आहे — पाच वर्षांची —

लेक समोर बसलीये. विचारतेय, बोलत का नाहीस, मी तुला नको का — नाही गं, हवीस, हवीच होतीस, मोठ्या अक्षरांत लिहून दाखवतेय — ती कागद उलटा धरते. तिला वाचता येत नाही. सांगायचं तर तोंड उघडावं ला—