चोवीस तारखेची हळद

८ एप्रिल, मंगळवार

पाचला उठले. अंगण झाडलं. दहा पानं वाचली. पुस्तक वाचनालयातलं — चांगल्या सवयी लावून घेण्याचं. लिहिणारा म्हणतो, तीन आठवडे रोज एक गोष्ट करा, ती अंगात मुरते. असेल! हे जाऊन सहा वर्षं झाली. अजून दुपारी फटफटी वाजली की मी ताट वाढायला उठते.

९ एप्रिल, बुधवार

दिवसभर हळकुंडं निवडली. मंजूच्या हळदीला आमच्याच रानातली हळद जाणार. मंजू — मोठ्या जाऊबाईंची लेक. जाऊबाई दोन वर्षं अंथरुणाला होत्या, तेव्हा ती माझ्या कुशीत निजायची. लग्न पंचवीसला. आदल्या दिवशी हळद. पाच सवाष्णी लावतील. मी कुठं उभी राहू?

पुस्तकात आहे, जे टाळत आलात त्याची तारीख ठरवा, कागदावर लिहा. लिहिते — चोवीस तारखेला मी मंजूला हळद लावणार.



११ एप्रिल, शुक्रवार

लिहिलेलं रोज मोठ्यानं वाचायचं म्हणे. गोठ्यात वाचलं. म्हैस वळून बघत राहिली.

१४ एप्रिल, सोमवार

आज जयंती. शेजारच्या रानातली चांगुणा खीर घेऊन आली. तिलाही नवरा नाही. तिला मनातलं सांगितलं.

"लेकीच्या लग्नात म्याच लावली पयली हळद. काय झालं?"

"तुझी पोटची होती गं."

"मंग ही कोनाची हाय?"

खीर गोड लागली नाही. गावानं मागल्या वर्षी ठराव केला — विधवांना कार्यात मान द्यायचा. खताच्या पोत्यांवरची अक्षरं लावत मी वाचायला शिकले, म्हणून ठराव मलाच वाचायला लावला. टाळ्या पडल्या. हळदीकुंकवाचं बोलावणं अजून एकाही घरातून आलं नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

लग्नाच्या शेवया वळायला जाऊबाईंकडं गेले होते. जाऊबाई तोंड फिरवून बसल्या. समजायचं ते समजले.

२० एप्रिल, रविवार

आजचं पान — जुनी सवय कुठून लागली ते शोधा. शोधलं. हे गेले त्या दिवशी बायका बांगड्या फोडायला बसल्या. माझा हात कुणी ओढला नाही. मीच पुढं केला होता.

२३ एप्रिल, बुधवार

ह्यांनी आणलेलं मोरपंखी लुगडं काढलं. ठेवलं. परत काढलं.

२४ एप्रिल, गुरुवार

मांडवात कडेच्या मेढीला धरून उभी होते. मंजू पाटावर. पाच जणी सरसावल्या. तिनं हात आडवा केला.

"थांबा. काकू, तू लाव पयले."

कुणी नको म्हणालं नाही! जाऊबाईसुद्धा नाही. त्यांनीच वाटी माझ्यापुढं केली.

दोन आठवडे मोठ्यानं वाचलेलं — एक शब्द आठवला नाही. पोरीचं वाईट झालं तर? माझ्यासारखं झालं तर? पाय आपोआप मागं गेले.

"नको बाई, सवाष्णीनं लावावी." हे मी म्हणाले. माझ्याच तोंडानं. वर हसले! भात बघते म्हणून चुलीकडं निघून आले.

भात कधीचाच उतरवून ठेवलेला होता. मी झाकण काढून बघत बसले.

२५ एप्रिल, शुक्रवार

पाठवणीला मंजू सगळ्यांच्या गळ्यात पडली. माझ्या नुसती पाया पडली.

२६ एप्रिल, शनिवार

जाऊबाई आल्या. बस म्हटलं तर बसल्या नाहीत.

"तुझ्या हातची हळद पायजे म्हणून चार दिस जेवली न्हाई ती. माझ्यासंग भांडून जितली पोर. तुझ्यापुढं हरली."