अडीचशे नंबरची गोळी

नागपूर, ता. ९ जानेवारी १९७४

तीर्थस्वरूप सौ. अनुसयावहिनींस पुष्पलताचा शि. सा. न. वि. वि.

दादांबरोबर पाठवलेली बाबांच्या हृदयाच्या गोळ्यांची बाटली मिळाली असेल. डॉक्टरांनी रोज ०.२५ मिलिग्रॅम लिहून दिले आहे. इथल्या सदर बाजारातल्या दुकानात त्या वजनाची गोळी संपली होती, म्हणून ०.०६२५ मिलिग्रॅमची लहान गोळी घेतली. अशा चार मिळून बरोबर ०.२५ होतात. मी गुणाकार केला, खोडला, पुन्हा केला आणि मैत्रिणीकडून तपासून घेतला. ती हसली, की औषधनिर्माणाच्या दुसऱ्या वर्षाला आहेस आणि चारचा पाढा विचारतेस! हसू दे. तुम्ही एवढेच लक्षात ठेवा, जेवण झाल्यावर रोज चार गोळ्या. घरात माझ्यामागे वाचणाऱ्या तुम्हीच, त्याही माहेरच्या चौथीच्या जोरावर.

बाबांना म्हणावे, हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून दिवसभर बसू नका. ते ऐकणार नाहीत, तरी म्हणावे.

माझ्यावरचा लोभ उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत पुरवून ठेवावा.

तुमची,
पुष्पलता


उमरेड, ता. २४ फेब्रुवारी १९७४

चि. पुष्पलता हिस वहिनीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, रागावू नको. लग्नसराईची लुगडी मागावर आहेत आणि सुताच्या कांड्या भरून भरून माझी बोटे सुजली. तुझ्या बाटलीतल्या गोळ्या संपल्या. तुझे दादा नागपूरला इतवारीत सूत आणायला गेले होते, तेव्हा डॉक्टरांचा कागद दाखवून त्यांनी तिथूनच दुसरी बाटली घेतली. हिच्यावर २५० लिहिले आहे आणि पुढे मायक्रो का काय ते. एवढा मोठा आकडा पाहून मी बाटली उघडलीच नाही. म्हटले, तुला विचारावे. मामाजी, म्हणजे तुझे बाबा, हसायला लागले. म्हणाले, कोष्ट्याच्या घरची सून झाली अन् सुताचं काही समजत नाही! चाळीसपेक्षा ऐंशी नंबरचं सूत बारीक, ऐंशीपेक्षा शंभराचं बारीक. नंबर वाढला का वजन घटते. अडीचशे नंबर म्हणजे कोळ्याचं जाळं. काहून पोस्टकार्ड खराब करतं? मलाही पटले. चारच देते आहे.

पण पुष्पे, मामाजींचे जेवण तुटले आहे. मळमळते म्हणतात. सगळे पिवळे दिसते म्हणतात, पांढरे सूतसुद्धा हळदीतून काढल्यासारखे. आणि घाबरू नको, पण तुझी माय मागावर येऊन बसते म्हणतात. दुपारी येते, तुटलेले धागे सांधते, बोलत नाही. मी आधी हसण्यावारी नेले. आता दुपारी त्या खोलीत झाडायला जात नाही. खरे सांगू, सासूबाई मी पाहिल्या नाहीत, पण या घरात आल्यापासून मामाजींना इतके खूशही पाहिले नाही. परवा गुणगुणत होते.

तुझी तब्येत सांभाळ. आमच्यावर माया आहे तशीच असू दे.

तुझी वहिनी,
अनुसया


नागपूर, ता. २७ फेब्रुवारी १९७४

तीर्थस्वरूप वहिनींस शि. सा. न.

तार केली आहे. तिच्यात कारण मावले नाही म्हणून हे पत्र उमरेडच्या बसच्या कंडक्टरजवळ देते आहे. गोळ्या आजच बंद करा आणि बाबांना बैलगाडी नव्हे, मोटार करून दवाखान्यात न्या.

मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा हजारावा भाग. मायक्रोग्रॅम म्हणजे त्या मिलिग्रॅमचाही हजारावा भाग. म्हणून २५० मायक्रोग्रॅम आणि ०.२५ मिलिग्रॅम हे वजन एकच. दिवसाचे सगळे औषध त्या एका गोळीत आहे, वहिनी. बाबा रोज चौपट घेत आहेत. सुताचा नंबर उलटा चालतो, औषधाचा तसा नाही. आधी पुढचा शब्द वाचायचा, मग आकडा. मी तुम्हाला चार लिहिले, शब्द वाचायला शिकवले नाही.

आमच्या कॉलेजच्या बाईंना मी फक्त पिवळे दिसण्याचे सांगितले. त्यांनी लगेच विचारले, माणसेही दिसतात का? हे औषध जास्त झाले की असे होते, मग नाडी चुकते, आणि मग थांबते. ती माय नाही, वहिनी. तरीही हे वाक्य लिहिताना मी मागे वळून पाहिले.

रजा मिळताच उद्या पहिल्या बसने निघते.

पुष्पलता


उमरेड, ता. २० मार्च १९७४

चि. पुष्पीस बापाचा आशीर्वाद.

हात अनुसयाचा आहे, बोलणं माझं. ती मधीच गोड करून लिहिते म्हणून ओळ ओळ वाचून घेऊन राहिलो.

तू आली, डॉक्टरसंगं इंग्रजीत बोलली, तर वार्डातले लोक उठून बसले. बाजूच्या खाटेवरच्या बुढ्यानं विचारलं, बाई कोणाची? म्हटलं, माझी. आता एक गोळी घेतो. सूत पांढरं दिसते. भाकर गोड लागते. अन् तुझी माय येत नाही.

तू म्हणतं, ते गोळीनं दाखवलं. असंन. पण ती डाव्या हातानं धागा सांधे, हे गोळीले कोणी सांगितलं वं? तुले तरी माहीत होतं का?

मले पुन्हा चार लिहून दे. आठच दिवस. तुझ्या लिहिण्याबिगर अनुसया देत नाही, बाटली पदराले बांधून फिरते. मरणाचं भेव मले नाही. डॉक्टरले विचारलं नाही, तुले विचारून राहिलो.

तुझा बाप,
रुपराव


नागपूर, ता. २६ मार्च १९७४

तीर्थरूप बाबांस पुष्पलताचा शि. सा. न. वि. वि.

 डाव्या हाताचे मला माहीत नव्हते. तिचा चेहराही मला नीट आठवत नाही, बाबा. तुमचे पत्र आल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आले ते सांगते, खोटे कशाला बोलू. वाटले, विचारावे की तिने माझे नाव काढले का.

गोळीला तो हात कसा कळला, हे माझ्या पुस्तकांत नाही. मी एवढेच मोजू शकते की चार गोळ्या म्हणजे एक पूर्ण मिलिग्रॅम, चिमटीतही न सापडणारा, आणि तेवढ्याने तुम्ही जाल.

माय गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. जाऊ द्यायचे का, हे मला कोणी विचारले नाही. या वेळी तुम्ही विचारलेत, म्हणून सांगते. नाही. चार मी लिहिणार नाही. रोज एक.

माझ्यावर रागवा, पण उन्हाळ्यात रागवायला घरी असा.

तुमची,
पुष्पी


उमरेड, ता. ११ एप्रिल १९७४

चि. पुष्पलता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मी मामाजींना वाचून दाखवले. त्यांनी पुन्हा वाचायला लावले, मग उठून अंगणात गेले.  तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर हात पुढे केला. मी एक गोळी ठेवली. तळहातावरच्या त्या एका गोळीकडे पाहिले, मग म्हणाले, पाणी दे.

कालपासून मागावर बसतात. पण पुष्पे, बसायच्या फळीच्या मधोमध बसत नाहीत. एका कडेला सरकून बसतात, बाजूला आणखी एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. त्यामुळे हात पुरत नाही, आडव्या धाग्याचा धोटा अडखळतो आणि लुगड्याचा एक काठ वाकडा उतरतो. तुझ्या दादांनी पाहिले, मी पाहिले. आम्ही कोणी काही म्हटले नाही.

तूही आलीस की म्हणू नको. वाट पाहते, आणि आशीर्वाद तर तुझ्यापाशी आहेतच.

तुझी वहिनी,
अनुसया