कलम एकोणतीस आणि एक मरतुकडं कुत्रं

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात घातला, इथे आडवं व्हायला जागा नाही, कारण पुढे येईलच.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा राग उतरला का? मी खुशाल आहे. जेवण वेळेवर मिळतं आणि दाराला बाहेरून कुलूप असल्यामुळे चोरांची भीती नाही.

तुमच्याच शब्दावर मी कायदा सुधारणा समितीत कारकून म्हणून चिकटलो, ते तुम्हाला आठवत असेल. नळाच्या गल्लीत एवढे गुन्हे का होतात, असा प्रश्न समितीला पडला. तिघा सदस्यांनी ते रक्तातच असतं असं ठरवलं, चौथे झोपले होते. तरी आकडे हवेत म्हणून मला वही देऊन पाठवलं.

गेलो, मोजलं. घरं दोनशे, नळ एक, पाणी कधी येईल याचा नेम नाही. माणसं सकाळपासून बादल्या घेऊन रांगेत. आणि मामा, तुम्ही कायदेखात्यात असताना लिहिलेलं कलम एकोणतीस सांगतं की रस्त्यात विनाकारण उभं राहणं हा गुन्हा. पाणी येईपर्यंत उभं राहायला कारण नाही, असं हवालदाराचं म्हणणं. पाणी आलं की कारणही येतं, पण तोवर नावं लिहून झालेली असतात. (माणूस वाईट नाही हो. स्वतःची बादली रांगेत ठेवूनच नावं लिहितो.)

पलीकडे बंगल्यांच्या रस्त्यावर लोक तासन्‌तास उभे, पण गुन्हा एक नाही. कारण हातात कुत्रा! कुत्रा फिरवणं हे कारण कायद्याला चालतं. ही गोम समितीच्या नव्हे, नळाच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एका मावशींच्या लक्षात आली. त्यांनी गल्लीतलं एक मरतुकडं कुत्रं धरलं, कापडाच्या चिंध्यांचा पट्टा शिवला आणि रांगेत फिरवला. हवालदार ज्याच्यापाशी येईल त्याच्या हातात पट्टा. महिन्याभरात गुन्हे निम्म्यावर! समितीने माझी पाठ थोपटली आणि कुत्रा पाळायला परवाना लागावा अशी शिफारस केली. परवाना अर्थात बंगलेवाल्यांनाच.

आता माझा पराक्रम ऐका. काल मावशींचा नंबर आला. बादली नळाखाली धरायची म्हणून त्यांनी पट्टा क्षणभर माझ्याकडे दिला. मी वहीत 'आज गुन्हे : शून्य' असं लिहायला घेतलं आणि त्यासाठी पट्टा सोडला. कुत्रं मांजरामागे पसार, नळाचं पाणी त्याच घटकेला गेलं आणि हवालदार समोर. मी म्हटलं, अहो, मी गुन्हे मोजतोय. तो म्हणाला, मग दोन वाढवा. समितीचा हुकूम दाखवायचा तर तो कचेरीत टेबलाच्या खणात.

मला समज देऊन सोडतील. पण मावशींची ही तिसरी खेप, म्हणजे तीन महिने तुरुंग. पलीकडच्या कोठडीत बसून त्या माझ्या सदऱ्याचं बटण लावून देताहेत, शिवी एक देत नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

मामींना मी दौऱ्यावर आहे असं सांगा. पत्र हवालदारच आणून देईल, त्याला चहा पाजा.

तुमचा भाचा

ता.क. उद्या अकराला कोर्टात या. माझ्यासाठी नको, मावशींसाठी. न्यायाधीशांना खरं काय ते सांगा, की हे कलम रांगेसाठी नव्हतंच. ताईकडे बघत फाटकासमोर घुटमळणाऱ्या एका टोणग्याला हुसकावायला ते लिहिलं. तो टोणगा आज तुमचा जावई आहे आणि तुमच्याच सोफ्यावर विनाकारण बसतो. मग आता कलम कोणासाठी ठेवलंय?

ता.क. दुसरं. कोर्टाचं दार उघडेपर्यंत बाहेर रस्त्यातच उभं राहावं लागतं, आणि तिथे हाच हवालदार असतो. तेव्हा येताना तुमचा कुत्रा आठवणीने आणा. तो येत नसेल तर जावईबापूंना आणा, पण ते कारण म्हणून चालतील याची खात्री मला देववत नाही.