बिनचेहऱ्याची बाई

३ फेब्रुवारी, मंगळवार

घुबडाचा कान गेला! काल होता, मी स्वतःच्या हातानं पुसला होता. आज उजवा शाबूत, डावा निम्मा. खाली दोन-चार ढलप्या पडलेल्या, आणि आबा वरच्या खोलीत साळसूदपणे वर्तमानपत्र उघडून बसलेले. तेही उलटं!

विचारलं तर म्हणाले, "जाड झाला होता."

"आबा, घुबड करून माझ्या लग्नाएवढी वर्षं झाली."

"मग काय झालं? जाड तो जाडच."

सगळ्या जगात संग्रहालयाला बाहेरच्या चोराची भीती. आमचा चोर वरच्या मजल्यावर राहतो आणि त्याला दोन वेळचा चहा मीच नेऊन देते. खालच्या तीन खोल्यांत आबांनी आयुष्यभर कोरलेलं सगळं मांडलंय. दुपारी आमचा डोळा लागला की सासरेबुवा कठडा धरून एकेक पायरी उतरतात आणि कशाची तरी 'दुरुस्ती' करून जातात. मागच्या महिन्यात खारीचं शेपूट झडलं. असंच चाललं तर लोकांना तिकीट काढून नुसत्या फळ्या बघाव्या लागतील.

नवरोबा चिडलेत. सगळं काचेत घालणार म्हणे.

५ फेब्रुवारी

शेजारच्या सुतारानं काचेच्या पेट्या बसवल्या. किल्ल्या माझ्याकडे. मी त्या डाळीच्या डब्यात ठेवल्यात. आबा डाळीच्या डब्याला हात लावतील तर सूर्य पश्चिमेला उगवेल!

संध्याकाळी आबा खाली आले. एकेका काचेला बोट लावून बघितलं. शेवटच्या खोलीतल्या खुर्चीत बसून राहिले. तेवढ्यात एक जोडपं आलं. त्यांना आबा पहारेकरीच वाटले. सगळ्यांनाच वाटतात.

बाईंनी विचारलं, "आजोबा, हे कलाकार कधी वारले हो?"

"झाले बरेच दिवस," आबा म्हणाले. "माणूस तसा बरा होता. हट्टी होता जरा."

मी स्वयंपाकघरात पळाले. तोंडात पदराचा बोळा कोंबून हसले. मग एकदम हसू आलं तसं गेलंच. आबा काही हसत नव्हते.

८ फेब्रुवारी, रविवार

कलामहाविद्यालयाचे प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन आले. नवरोबांचं पाठ भाषण झालं – गोदामात खोकी उघडणारा हमाल, खोक्यांच्या फुकट फळ्या, 'गुरूविना घडलेला कलावंत'. (हे वाक्य ते झोपेतसुद्धा म्हणतात. मी ऐकलंय.) मग सगळे पहिल्या खोलीत, 'बसलेल्या बाई'समोर.

ही आमची मुख्य मूर्ती. हातभर उंचीची, पाटावर बसलेली बाई. पदराची चुणी न् चुणी, पायाची बोटं, मनगटाचं हाड – सगळं बघत राहावं असं. फक्त चेहरा नाही. चेहऱ्याच्या जागी गुळगुळीत लाकूड. तिकिटावर चित्र तिचंच. प्राध्यापकांनी अर्धा तास घेतला. चेहरा नाही म्हणजे ती कुणीही असू शकते, चेहरा नाकारणं हेच विधान, वगैरे वगैरे. पोरं भराभर लिहून घेत होती. आबा दारात उभे राहून कौतुकानं ऐकत होते, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय.

सगळे गेल्यावर म्हणाले, "केवढं बोलला गं! मला वाटलं चेहरा कुठे गेला ते सांगतोय."

"मग कुठे गेला?"

"दूध उतू जातंय म्हणून उठली. परत बसलीच नाही."

सासूबाई! त्या कधी एका जागी बसल्यात? आबा कोरायला बसवायचे आणि या मध्येच गॅस बंद करायला, दाराची कडी लावायला, कुणाला तरी हाक मारायला. चेहरा उद्या करू, उद्या करू. आणि मग त्यांचं आजारपणच आलं. त्या गेल्यावर आबांनी नवीन काही केलंच नाही. जुन्यांचे कान तेवढे तासत बसले.

आबा जिन्याकडे निघाले होते. वळून म्हणाले, "सूनबाई, ती पेटी उघड. मला चेहरा करायचाय. डॉक्टर म्हणतो, एक डोळा गेला, दुसराही निघालाय."

मी उगाच पुन्हा काच पुसत राहिले.

९ फेब्रुवारी

नणंदबाईंचा फोन. त्या दुसऱ्या गावी राहतात, पण संग्रहालय फोनवरून त्याच चालवतात. आधी तिकिटांवरून सुरुवात – "सगळी तिकिटं छापून पडलीत, त्यांवर चेहरा नाही!" मी म्हटलं, ताई, पेननं काढून देईन एकेकावर. त्या हसल्या नाहीत.

म्हणाल्या, "बाबांचा हात थरथरतो. एक फटका चुकला तर आई दुसऱ्यांदा जाईल. मला नाही चालणार."

खरंच बोलल्या. नवरोबाही त्यांच्याच बाजूचे. आणि आबाही खरेच. अशा वेळी सुनेनं काय करावं हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

१२ फेब्रुवारी

आबा खाली उतरलेच नाहीत. जेवणही ताटात तसंच.

१३ फेब्रुवारी

युक्ती सुचली! म्हणजे मलाच. शहाणपण की आगाऊपणा ते पुढे कळेल.

सुताराकडून हुबेहूब दुसरी बाई करून घ्यायची. ती आबांना द्यायची, खरीच म्हणून. आबांना चेहरा करायला मिळेल, खऱ्या मूर्तीला धक्का नाही, ताई खूश. नवरोबा म्हणाले, "तुझ्या डोक्यात असलं येतं कुठून?" पण मान डोलावली. ताईंनीही 'बरं' म्हटलं.

सुताराला पटेना. "वहिनी, आबांच्या डोळ्यांत धूळ फेकायची?"

"एका डोळ्यानं तसंही दिसत नाही."

"आणि दुसऱ्याचं काय?"

"तोही निघालाय म्हणे."

बिचारा मान खाली घालून गेला. दारं-खिडक्या करणारा माणूस, पण लहानपणापासून आबांच्या पायाशी बसून बघत आलाय. होईल त्याच्याकडून.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सोमवारी संग्रहालय बंद, म्हणून सुतार आजच घेऊन आला. काय हात आहे! लाकूड नवं, पण रंग देऊन जुनं केलंय. दोन्ही बाया टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. नवरोबा एकदा इकडे, एकदा तिकडे बघून म्हणाले, "आपली कुठली?" स्वतःच्या आईची मूर्ती, आणि आपली कुठली! खरी लगेच काचेत ठेवून कुलूप लावलं, न जाणो.

दुसरी मी वर नेली. "आबा, घ्या. सगळ्यांनी हो म्हटलंय."

आबांनी मांडीवर घेतली. पाठीवरून हात फिरवला. लाकडाला नाक लावलं. नुसतं म्हणाले, "ठेव इथे."

डोळे भरले होते त्यांचे. जिना उतरताना मला स्वतःची इतकी लाज वाटली! म्हातारा माणूस बायकोचा चेहरा करायला बसणार, आणि मी त्याच्या मांडीवर खोटं लाकूड ठेवून आले. सासूबाई असत्या तर एक भुवई वर केली असती फक्त. तेवढं पुरायचं.

२५ फेब्रुवारी

नवीनच सर्कस. जिना वाजला की नवरोबा धावत जाऊन खऱ्या मूर्तीच्या पेटीवर चादर टाकतात. आज लोक बघत असतानाच टाकली! एक आजी म्हणाल्या, "अहो, मी पैसे भरलेत." नवरोबा म्हणे, "तिच्या विश्रांतीची वेळ." आणि जिना वाजवत होतं मांजर.

आबांनी पटाशांना धार लावायला सुताराला बोलावलं. खाली आला तेव्हा चेहरा पांढराफटक. चहा दिला तर "नको वहिनी" म्हणून सुटलाच. धार लावताना आबा रागावले असतील. रागावतातच.

२ मार्च, सोमवार

नवरोबांची दाढ काढली. हात धरायला मी बरोबर! एवढा मोठा माणूस, डॉक्टरांनी तोंड उघडा म्हणायच्या आतच ओरडला. आबांपाशी सुताराला बसवून गेलो होतो. परत आलो तर दोघं मजेत पोहे खात होते. आबा आज ताट पुसून जेवले. घरात ओरडायला आता एकच शिल्लक, त्याच्याही तोंडात कापूस. सुखाचा दिवस.

५ मार्च

वरून ठोकण्याचा आवाज! ठक, ठक, मग थांबणं, मग ठक. सासूबाई गेल्यापासून हा आवाज घरात नव्हता. मी पोळ्या करताना त्या तालावर लाटत होते हे नंतर लक्षात आलं.

७ मार्च

जेवताना आबांनी विचारलं, "हिच्या हनुवटीवरचा तीळ डावीकडे होता की उजवीकडे?"

नवरोबा म्हणाले डावीकडे. मी म्हटलं उजवीकडे. फोन लावला तर ताई म्हणाल्या, ओठाच्या वर! तासभर भांडलो. अल्बम काढला, पण सासूबाई प्रत्येक फोटोत हललेल्या.

आबा शांतपणे हात धुऊन आले. "तीळ नव्हताच. म्हटलं, बघावं कुणाला काय आठवतंय."

आणि हसले! सगळी कवळी दिसेपर्यंत हसले. आम्ही तिघं मात्र ओशाळलो. एवढ्या वर्षांत आम्ही सासूबाईंकडे नीट पाहिलं होतं का? त्या वाढायच्या आणि आम्ही ताटाकडे बघायचो. मला रडू आलं, आणि मी ते भांडी घासताना उरकून घेतलं.

८ मार्च, रविवार

प्राध्यापक दुसरी तुकडी घेऊन हजर. काचेपुढे उभे राहून म्हणाले, "या लाकडावर काळानं हात फिरवलाय. असं नकलेत कधी येत नाही." मला वाटलं, नकलेची गोष्ट यांच्या कानावर गेली की काय! पण नाही, सहज बोलले होते. सुतार दाराची बिजागरी बसवत होता. त्याला एवढा ठसका लागला की पाणी द्यावं लागलं.

१० मार्च

आज ठोकणं नाही. आबांचा हात फार थरथरतोय. पटाशी बाजूला ठेवून नुसते मूर्तीसमोर बसलेत. म्हणाले, "राहिल्यात फक्त भुवया. त्याच चुकायच्या." मी देवाला म्हटलं, खोट्या लाकडावर का होईना, पण होऊ दे.

११ मार्च

आजही नाही.

१२ मार्च

ठक.

१५ मार्च, रविवार

ताई आल्या. आल्या आल्या काचेपुढे उभ्या राहिल्या आणि डोळ्यांना पदर. "या लाकडाला आईचा हात लागलाय गं. आपण ते जपलं, हेच खरं." नवरोबांनीही घसा खाकरला. मग सगळे वर गेलो.

आबांनी मूर्ती खिडकीकडे तोंड करून ठेवली होती. फिरवली.

सासूबाई! ओठ मिटलेले, पण हसू आतल्या आत दाबलेलं. आणि डावी भुवई किंचित वर – पाहुण्यांसमोर आबा बढाया मारायला लागले की जायची तशी. नाक थोडं वाकडं झालंय. कपाळावर एक ओरखडा आहे, हात निसटल्याचा. पण त्या आहेत. आता उठतील आणि म्हणतील, दूध बघितलंस का?

ताई फरशीवरच बसल्या. लहान मुलीसारख्या 'आई' म्हणाल्या आणि हमसून हमसून रडल्या. नवरोबा तोंड फिरवून कपाटाशी काहीतरी शोधायला लागले. मी आबांच्या पाया पडले. ते म्हणाले, "पुरे. आता चहा टाक. हिलाही बघू दे, नीट करतेस का."

जिना उतरताना ताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "किती छान झाला गं! पण कपाळावरचा ओरखडा पाहिलास? बरं झालं नकलेवर केला."

१७ मार्च, मंगळवार

सकाळी पेट्या पुसायला ओलं फडकं आणि डब्यातली किल्ली घेऊन निघाले, तर जिन्यावरून आबांनी हाक मारली, "सूनबाई, पहिल्या खोलीतलीला ओलं लावू नकोस. सुताराचा रंग आहे, जाईल."

मी वर बघतच राहिले. "पण किल्ली तर माझ्या–"

"पेटीची मागची फळी बसवली कुणी? दाढ काढायला गेला होतात त्या दिवशी फळी काढून खरी आणून दिली मला सुतारानं. त्याला रागावू नकोस, रडत होता बिचारा."

आत माणसं बाईसमोर हात जोडल्यासारखी उभी होती. मी ओलं फडकं ठेवून कोरडं घेतलं.