कुलूप, किल्ली आणि लिफ्टमधले साहेब

तीर्थरूप मामांस शिरसाष्टांग नमस्कार. जन्मभर विजेच्या खांबांवर चढलेले आपले गुडघे आता जिना तरी चढू देतात ना? मामींचा खोकला कसा आहे? इकडे सगळे ठीक. (म्हणजे आज ठीक. मंगळवारी नव्हते.)

वीजतंत्रीच्या वर्गावर मास्तर म्हणून लागून मला पाच महिने झाले. मला कायम करायचे की नारळ द्यायचा, हे ठरवायला मंगळवारी तपासणीचे साहेब यायचे होते. मी सकाळपासून वर्गाकडून एकच नियम घोकून घेतला : कामाआधी मेन स्विच बंद करायचा, त्याला आपले कुलूप लावायचे, आणि ज्याचे कुलूप त्यानेच ते काढायचे. माझ्या वर्गात एक शिवणमावशी आहेत (वय बावन्न; वायर अशी सोलतात की जणू ब्लाउजची शिवण उसवताहेत). त्यांनी नियम तंतोतंत पाळला, फक्त कार्यशाळेऐवजी अख्ख्या इमारतीच्या स्विचला कुलूप ठोकले आणि किल्ली कमरेला खोचून नातीला शाळेतून आणायला गेल्या. (दोन्ही स्विचांवरच्या चिठ्ठ्या मीच उलट्यापालट्या चिकटवल्या होत्या, हे मागाहून कळले.) साहेब त्या वेळी लिफ्टमध्ये होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये.

प्राचार्य धापा टाकत आले. "फोडा ते कुलूप!" मी स्विचला पाठ लावून उभा. वर्ग माझ्याकडे टक लावून पाहत होता. म्हटले, "सर, मावशी आल्याशिवाय नाही." नोकरी गेली, असे धरूनच बोललो. वीस मिनिटांनी मावशी नातीचे दप्तर सांभाळत आल्या आणि किल्ली लावण्याआधी आम्हा कुणालाच न सुचलेली गोष्ट त्यांनी केली : माणसे मोजली. म्हणाल्या, "एक कमी आहे." शोधाशोध केली, तर वर्गातले दुसरे विद्यार्थी, एसटीतले निवृत्त कंडक्टर, मागच्या खोलीत स्टुलावर, वीज गेलीच आहे तर पंखा दुरुस्त करू म्हणून उघड्या तारा दोन्ही हातांत धरून उभे!

प्राचार्य मटकन खाली बसले. कंडक्टरांना खाली उतरवून मावशींनी कुलूप काढले, तेव्हा साहेब घामाघूम लिफ्टबाहेर आले, सगळे ऐकून घेतले आणि आधी मावशींना नमस्कार केला. मग मला म्हणाले, "चिठ्ठ्या बदला. तुम्हाला कायम करतोय." आता मावशी विचारतात, परवाना मिळाल्यावर दुकानाच्या पाटीवर 'वायरिंग' हे 'शिवणकाम'च्या खाली लिहू की वर? मी म्हटले, वर.

आपला भाचा

ता. क. : येत्या शनिवारी दहा वाजता आमच्या वर्गात सुरक्षिततेवर आपले व्याख्यान आहे. आपल्याला विचारायचे राहिले, पण फळ्यावर लिहून झाले आहे. तेवढे याच.

आणखी एक : व्याख्यानात 'माझा भाचा डगमगला नाही' असे कृपा करून म्हणू नका. प्राचार्य येण्याआधीची पाच मिनिटे कुलूप फोडायला मी स्वतःच हातोडा शोधत होतो. तो कंडक्टरांनी पंख्यासाठी नेला होता.