अंड्यांच्या ट्रेमधली चकती

घर, मंगळवार

चि. मासोळी हिला मावशीचे अनेक आशीर्वाद. पाण्यात जास्त लागतात म्हणून या खेपेला दुप्पट पाठवलेत, पुरवून वापर.

तुझं पत्र मिळालं. डायव्हिंगचा पहिला दाखला हातात आला हे वाचून बरं वाटलं. तुझ्या आईने मला फोनवर रडत सांगितलं आणि लगेच शेजारणीला हसत सांगितलं, म्हणजे माझ्या बहिणीला ते आवडलंय असं समज.

आम्ही इकडे मजेत. दुरुस्तीचं दुकान चाललंय, काकांचा खोकला गेला. परवा डायव्हिंग क्लबातला एकजण आला होता. काकांनी त्याच्याशी तासभर गप्पा हाणल्या, चहा पाजला, आणि तो जिना उतरल्यावर मला विचारतात, "कोण होता गं तो?" थट्टेची खोड काही जात नाही.

आता तुझा प्रश्न. सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारा रेग्युलेटर कुठला घ्यावा: दुकानातला नवा, बेताच्या किमतीचा, की काका जुना उघडून नव्यासारखा करून देणार आहेत तो? तू लिहितेस, "काकांचा फुकट, आणि शिवाय काकांचा."

बयो, नवा घे.

काकांनी काढून ठेवलाय तो एका बंद पडलेल्या डायव्हिंग शाळेतला आहे. वजनाला धोंडा. प्रवासात तुझीच पाठ मोडेल. तुझा जबडा लहान आणि त्याचं तोंडात धरायचं रबर मोठं. शिवाय काकांकडे सध्या कामांची रीघ लागलीय. शिवाय पहिली वस्तू स्वतःच्या कमाईची असावी, तिची माया वेगळी. एका दमात एवढी कारणं देणाऱ्याच्या पोटात काहीतरी असतं, असं माझी आई म्हणायची. तू तसं काही समजू नकोस.

काकांना मात्र मी असं लिहिलं हे कळवू नकोस. मैत्रिणींसारखाच हवा म्हणून सांग. तुझं म्हणणं ते मोडणार नाहीत.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी मावशी


घर, शुक्रवार

मासोळी,

आशीर्वाद मागाहून. आधी हे वाच.

काकांनी पाठवलेलं पार्सल तुला पोचलं असेल. त्यातला रेग्युलेटर रविवारी पाण्यात उतरताना लावू नकोस. उथळ पाण्यात नाही, "एकदाच बघते" म्हणूनही नाही. तुमच्या डायव्हिंग केंद्राचा भाड्याचा घे.

तुला फोन लागत नाही. केंद्रातला माणूस म्हणाला, सगळे बेटावर गेलेत, तिथे रेंज नाही, निरोप बोटीबरोबर पाठवतो. त्याच्या आवाजात "पाठवतो" कमी आणि "ठेवा आता" जास्त होतं. म्हणून हे पत्र. भरलेले सिलिंडर घेऊन आमच्याकडून जी गाडी धक्क्यावर जाते, तिच्या ड्रायव्हरकडे देणार आहे; सिलिंडरांबरोबर तो बोटीने बेटावर येतो. ते पार्सलही त्यानेच नेलं. काल दुपारी मी बाजारात होते तेवढ्यात काकांनी स्वतः बांधून त्याच्या हातात दिलं. मी परत आले तर लहान मुलासारखे हसत उभे. "मासोळीला चकित करणार," म्हणाले. मीच आधी झाले.

आता खरं सांगते. काकांची काम करायची पद्धत तुला माहीत आहे, लहानपणी तू बाकावर बसून बघायचीस. अंड्यांचा ट्रे घेतात. प्रत्येक खड्ड्यात एकेक नवा भाग ठेवतात: रिंग, स्प्रिंग, चकती. नवा भाग उचलून आत बसवला की काढलेला जुना भाग त्याच खड्ड्यात. काम संपलं की ट्रेमध्ये सगळं जुनं दिसलं पाहिजे. मी कुठल्या वर्गात शिकले नाही, पण त्यांच्या शेजारी भाजी निवडता निवडता एवढं शिकले.

तुझ्या रेग्युलेटरचा ट्रे मी काल संध्याकाळी पाहिला. एका खड्ड्यात नवीकोरी चकती तशीच आहे. हवा अडवून धरणारी चकती, मुली. जुनी कुठेच नाही, म्हणजे ती आतच राहिली. आणि त्या जुन्या चकतीला चर पडलेला, काकांनी रेग्युलेटर उघडला तेव्हा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. अशा चकतीला पाण्याबाहेर काही होत नाही. काकांनी जोडून पाहिला तेव्हा लोण्यासारखा चालला. तुमचे डायव्हिंगचे सरही तपासून ठीकच म्हणतील. खाली गेल्यावर ती दगा देते, आणि मग हवा थांबता थांबत नाही, सिलिंडर बघता बघता रिता होतो.

असं पहिल्यांदा झालेलं नाही. गेलं वर्षभर मी रोज दुकान बंद करताना ट्रे बघते. चुकलेलं दिसलं की दुसऱ्या दिवशी ते काम पुन्हा त्यांच्यापुढे ठेवते आणि म्हणते, "अहो, काल मध्येच फोन आला, हे अर्धवट राहिलंय." ते कपाळावर हात मारतात आणि उघडून नीट करतात. हात अजून सोन्याचे आहेत गं. काय केलं आणि काय राहिलं, एवढंच निसटतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी कोणाला बोलले नाही. तुझ्या आईलाही नाही.

तर तू असं कर. रबर तोंडाला बसत नाही, जबडा दुखतो, असं सांगून तो परत पाठव. माझ्या नावाने. मी गुपचूप

इथवर लिहिलं आणि मान वर केली तर ते मागे उभे. चष्मा हातात होता, त्यामुळे वाचलं नसावं. पण मी पत्रावर हात ठेवला, तो त्यांनी पाहिला.

"प्रेमपत्र का?" म्हणाले. "या वयात? कोण आहे तो, मी त्याला एकदा सावध करतो."

मला हसू आलं नाही. गाडी निघायला अवकाश होता. मी उठले आणि ट्रे आणून त्यांच्यासमोर ठेवला.

"हा कोणाचा?"

"मासोळीचा."

चष्मा लावला, वर भिंग धरलं. एकेक खड्डा बोटाने चाचपत आले आणि त्या खड्ड्याशी बोट थांबलं.

"ही नवी आहे."

"हो."

"मग जुनी कुठाय?"

ते खाली बसले. बराच वेळ चकती तळहातावर फिरवत राहिले. मला वाटलं आता चिडतील, माझ्यावर ढकलतील, पोरीच्या कामात तूच लुडबूड केली असशील म्हणतील. तसं म्हणाले असते तर सोपं गेलं असतं.

"ते मध्येच फोन यायचे," म्हणाले, "ते खरंच यायचे का गं?"

मासोळी, लग्नाला एवढी वर्षं झाली, पण एवढं खरं "नाही" मी त्यांना कधी म्हटलं नव्हतं.

"किती वेळा?"

"मोजलं नाही." हे खोटं होतं. त्यांनाही कळलं, पण पुन्हा विचारलं नाही. हात स्वच्छच होते, तरी जाऊन साबणाने धुतले. आले आणि म्हणाले, "लिही तिला. मी सांगतो तसं लिही." तर हे त्यांचं:

"नवाच घे. साधा पिस्टनचा घे, आत भाग कमी, बिघडायला जागा कमी. तुमचं पाणी कोमट, तू अजून फार खोल जात नाहीस, महागड्याची गरज नाही. ज्याचे सुटे भाग तुझ्या गावात मिळतात आणि उघडणारा माणूसही मिळतो, तोच घे. नाव मोठं आणि भाग सातासमुद्रापार, असला नको. किंमत विचारताना सोबत्यासाठीचा दुसरा तोंडाचा भाग आणि हवा किती उरली ते दाखवणारा काटा धरून विचार, नाहीतर स्वस्त म्हणून गळ्यात मारतात आणि बाकीचं वेगळं लावतात. जुना कोणाकडून घेऊ नकोस. देणारा कितीही जवळचा असो. श्वास ओढायला जरा जड वाटला तर बिचकू नकोस, तेवढा चालतो. लोण्यासारखा करून द्यायच्या नादात मी..."

पुढचं वाक्य सांगितलं नाही. आतल्या खोलीत गेले.

आता तिथून त्यांचा आवाज येतोय. या वर्षात ज्यांची ज्यांची कामं केली, त्या सगळ्यांना फोन लावताहेत. मी म्हटलं, अहो, प्रत्येक ट्रे मी बघितलाय, सगळे ठीक होते. तर म्हणाले, "आणि तुझी एखादी नजर चुकली असेल तर? तुझ्यामागे कोण तपासायला होतं?" मन चिंती ते वैरी न चिंती, तसं आता मलाही प्रत्येक ट्रे पुन्हा आठवतोय.

"रेग्युलेटर पाण्यात नेऊ नका," ते सांगताहेत, "आणून द्या, दुसऱ्याकडून तपासून देतो. नाही, मशीनचा दोष नाही. माझा." एकाला दोनदा लावला. त्या भल्या माणसाने दोन्ही वेळा "बरं काका" म्हटलं असावं, कारण दोन्ही वेळा यांनी त्याचे आभार मानले.

ड्रायव्हर खाली हॉर्न वाजवतोय. त्याला तोंडीही सांगते: पत्र तुझ्याच हातात द्यायचं आणि तू वाचेपर्यंत हलायचं नाही. "वाचलं" असा एक शब्द चिठ्ठीवर लिहून त्याच्याकडे दे. तो येईपर्यंत या घरात कोणी नीट जेवणार नाही.

वर सांगितलेलं ते जबड्याचं कारण खोडत बसत नाही, पण ते देऊ नकोस. रेग्युलेटर परत पाठव, वर काकांचं नाव घाल, माझं नको. आत काय चुकलं ते दोन ओळींत स्पष्ट लिही. ते स्वतः उघडतील. मी शेजारी बसेन, आणि या वेळी भाजीचं निमित्त करणार नाही.

राहिलेले आशीर्वाद, सगळेच्या सगळे.

तुझी मावशी,
आणि तिच्या हाताने, तुझे काका