पुट्टीचा मुहूर्त

मल्लेश्वरम, ३ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप अक्कास,
गुंडोचे सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं, म्हणून पत्र. आपल्या पुट्टीची मूत्रपिंडं गेली. अठरा वर्षांची मांजर, पाण्याच्या वाटीपाशी जाते आणि कशाला आले तेच विसरते. माझंही तसंच होतं, पण मला कुणी दवाखान्यात नेत नाही. डॉ. जयतीर्थ म्हणाले, खाणं सुटलं की इंजेक्शन देऊन शांत झोपवू, दिवस तुम्ही सांगा. माझ्या मुंजीपासून फ्रिज आणण्यापर्यंत प्रत्येक दिवस तू पंचांग पाहून काढलास. येता शनिवार चालेल?

तुझा लोभ आहेच, तो तिच्यावरही असू दे.
गुंडो

देवनहळ्ळी, ५ फेब्रुवारी

चि. गुंडोस अ. उ. आ.

शनिवारी एकादशी. पुढच्या बुधवारीही एकादशीच. मग आठवडाभर भद्रा, आणि राहुकाळ दिवसातून दोनदा. तिला भाजीच्या पिशवीतून घरी आणताना मी मुहूर्त पाहिला नव्हता, जाताना तरी नीट जाऊ दे. साय भरव.

प्रकृतीला जप.
पद्मावती

मल्लेश्वरम, १७ फेब्रुवारी

ती. अक्कास सा. न.

दोन्ही एकादश्या निर्जळी केल्या. पुट्टीनेही केल्या, साय हुंगलीसुद्धा नाही. काल तिला टोपलीतून नेलं, पण भद्रा आठवली. डॉक्टर आपल्यातलेच, "सरी, चालेल" म्हणाले. दोघं कॉफी प्यायलो आणि टोपली परत आली. अक्का, उचललं की ती ओरडते आता. कृपा करून दिवस दे.

गुंडो

देवनहळ्ळी, २० फेब्रुवारी

चि. गुंडोस आशीर्वाद.

उत्तरायणात जाणं बरं नव्हे. दक्षिणायन लागू दे.

पद्मावती

मल्लेश्वरम, २६ फेब्रुवारी

ती. अक्कास सा. न. वि. वि.

काल मंगळवारी, ऐन राहुकाळात, तुला न विचारता नेलं. माझ्या मांडीवरच गेली. घरी येऊन सवयीने वाटीत पाणी भरलं आणि तिथेच बसून खूप रडलो.

तुझं पंचांग तू संक्रांतीला इथंच विसरली होतीस. पुट्टी त्याच्यावरच झोपायची. पहिलं पत्र लिहिलं तेव्हाही ते तिच्या अंगाखाली होतं. मला ठाऊक असून मी विचारत राहिलो, आणि तू सांगत राहिलीस. उपास माझे झाले, हाल तिचे.

रागावू नकोस, मीही रागावलेलो नाही. पंचांग सोबत पाठवतो आहे. केस झटकलेले नाहीत.

तुझा
गुंडो